रेडियमची अक्षरे



मुंबईच्या उपनगरांत राहणाऱ्या माणसास काही शब्दांचे दोन अर्थ ठाऊक असावे लागतात. एक पुस्तकातला आणि दुसरा रस्त्यावरचा. 'रेडियम' हा असाच एक शब्द आहे. १८९८ साली क्यूरी पतिपत्नींनी पॅरिसमध्ये ज्या मूलद्रव्याचा शोध लाविला ते पुस्तकातले रेडियम. परंतु घाटकोपरच्या किंवा अंधेरीच्या स्थानकाबाहेर कोणत्याही रिक्षावाल्यास विचारा; तो आपणांस निराळेच रेडियम दाखवील. त्याच्या रिक्षाच्या समोरच्या काचेवर, वरच्या अंगाला, 'आईचा आशीर्वाद' अशी जी लालपिवळी अक्षरे चिकटविलेली असतात ते त्याचे रेडियम. मागच्या पत्र्यावर मुलांची नावे असतात, तेही रेडियम. आणि ही अक्षरे कापून चिकटवून देणारा जो कारागीर एखाद्या पुलाखाली अथवा गॅरेजच्या आडोशाला चार हातांच्या टपरीत बसलेला असतो, तो रेडियमवाला.

हा धंदा उपनगरांत इतका का फोफावला याचे कारण साधे आहे. ऑटोरिक्षास पश्चिमेकडे वांद्र्याच्या आणि पूर्वेकडे शीवच्या पलीकडे, म्हणजे मूळ शहरात, जाण्याची मुभा नाही. त्यामुळे दहिसरपासून वांद्र्यापर्यंत आणि मुलुंडपासून शीवपर्यंत जो प्रदेश पसरला आहे तेच रिक्षाचे राज्य, आणि जेथे राजा तेथे त्याचे भाटही असावयाचेच. शहरात टॅक्सीवर नावे दिसत नाहीत असे नव्हे. परंतु रिक्षावाला ज्या हौसेने आपले वाहन सजवितो ती हौस तेथे विरळा.

या रेडियमात खऱ्या रेडियमचा अंशही नसतो, आणि नसतो हेच बरे. अंधारात चमकणाऱ्या घड्याळांच्या तबकड्या एके काळी खरोखरच रेडियममिश्रित रंगाने रंगवीत असत. अमेरिकेत ते काम करणाऱ्या मुली कुंचल्यास बारीक टोक यावे म्हणून तो ओठांत धरीत, आणि १९२० नंतरच्या दशकात त्यांपैकी कित्येकींची हाडे त्या विषाने झिजून गेली. चमकते ते रेडियम, ही समजूत त्या तबकड्यांपासूनच आपल्याकडे आली असावी. रिक्षामागचा चमकणारा कागद स्वतः उजेड देत नाही. त्याच्या पोटात काचेचे अतिसूक्ष्म मणी किंवा प्लॅस्टिकचे बारीक लोलक बसविलेले असतात, आणि त्यांच्या घडणीमुळे प्रकाश ज्या दिशेने आला त्याच दिशेस परत फिरतो. आरसा प्रकाशाला भलतीकडे पाठवितो. हा कागद त्यास आल्या पावली माघारी धाडतो. म्हणूनच पश्चिम द्रुतगती मार्गावर रात्री मागच्या मोटारीतल्या चालकास ही अक्षरे झगमगताना दिसतात, आणि त्याच वेळी पदपथावर उभ्या असलेल्या माणसास तेथे काही आहे याचीही वार्ता नसते.

न चमकणारा जो साधा रंगीत चिकटकागद, त्यालाही रेडियमवाला रेडियमच म्हणतो. कारखानदार त्यास व्हिनाइल म्हणतात. पॉलिव्हिनाइल क्लोराइड, म्हणजे ज्याचे आपल्या घरातील पाण्याचे नळ असतात तेच द्रव्य, त्याचा हा मऊ केलेला पापुद्रा. हे द्रव्य मुळात कडक व ठिसूळ. १९२६ साली अमेरिकेत वाल्डो सेमन या रसायनशास्त्रज्ञाने ते मऊ व लवचीक करण्याची युक्ती काढली. मौज अशी की, तो शोधीत होता रबर धातूला चिकटविण्याचा गोंद. गोंद साधला नाही, आणि हाती आला तो हा पापुद्रा. त्याच्या पाठीस कायमचा चिकट लेप लावून, तो लेप गुळगुळीत कागदावर निजवून विकण्याची पद्धत पुढे आली. या वाटेवरचे पहिले नाव स्टँटन ॲव्हरी याचे. १९३५ साली लॉस एंजलिसमध्ये त्याने पाठीवरून सोलून लावावयाच्या चिठ्ठ्या करण्यास आरंभ केला, आणि त्याचे यंत्र म्हणे कपडे धुण्याच्या यंत्राची मोटार, शिवणयंत्राचे काही भाग आणि एक करवत यांचे जोडकाम होते. आपल्या मरोळच्या किंवा साकीनाक्याच्या गाळ्यांतून ज्यांनी यंत्रे जुळविली आहेत त्यांना यात नवल वाटणार नाही.

आता मुख्य विषयाकडे वळतो. गेल्या काही वर्षांत हे कापणारे यंत्र टपरीतून उठून घरात येऊन बसले आहे. अमेरिकेत इ. स. २००० नंतरच्या दशकात क्रिकट नावाचे घरगुती यंत्र निघाले. सिल्हूट, ब्रदर यांचीही तशी यंत्रे आहेत. ती आता बोरिवली-मुलुंडच्या सदनिकांतून, शिवणयंत्राच्या शेजारी, दृष्टीस पडू लागली आहेत. त्यांवर दारावरची नावे निघतात, स्वयंपाकघरातील डब्यांच्या चिठ्ठ्या निघतात, मुलांच्या पाण्याच्या बाटल्यांवरची नावे निघतात, बारशाच्या दिवशी पाळण्यामागे लावावयाचे अक्षर निघते. मखरासाठी जो थर्माकोल कापला जाई, त्यावर २०१८ साली महाराष्ट्र शासनाने बंदी आणली. तेव्हापासून गणपतीच्या दिवसांत पुठ्ठा कापण्याचे कामही या यंत्राकडे वळले आहे. आपल्या घरांना हे सर्वस्वी नवे नाही. भांडे घेतले की त्यावर नाव घालून घेणे, बेगड कापून चिकटविणे, रांगोळीचे छाप, दिवाळीच्या आकाशकंदिलाच्या करंज्या, ही त्याच कुळातली माणसे. परंतु बेगड कापणाऱ्या हातात कात्री होती. येथे हात बाजूला झाला आहे, आणि म्हणून काय बिघडू शकते हे आधी समजून घेतले पाहिजे.

यंत्राची रचना दिसते तितकी गहन नाही. कागदावर लेखणी चालावी तसे त्यात एक बारीक पाते चालते. कागद मागेपुढे सरकतो, पाते डावीउजवीकडे सरकते, आणि या दोन हालचालींच्या मेळाने वाटेल ती आकृती कापली जाते. पाते आपल्या आसाभोवती मोकळे फिरते. बैलगाडीमागून ओढलेली काठी जशी गाडी वळेल तशी वळते, तसे ते रेषेमागे वळत राहते. कठीण धातूचे हे टोक साधारणपणे पंचेचाळीस अंशांत घासलेले असते. जाड कागदास साठ अंशांचे वापरतात. सगळी कला आहे ती खोलीची. व्हिनाइलचे तीन थर असतात, वर रंगीत पापुद्रा, मध्ये डिंकाचा लेप, खाली गुळगुळीत पाठीचा कागद. पात्याने पहिले दोन थर कापावेत आणि तिसऱ्यास केवळ स्पर्श करावा. पापुद्रा एका मिलिमीटरच्या दहाव्या भागाहूनही पातळ. यावरून किती नेम धरावा लागतो याची कल्पना यावी. दाब कमी पडला तर पापुद्रा सुटत नाही. जास्त झाला तर पाठीचा कागदही कापला जाऊन सारी अक्षरे सुटी होऊन हातात येतात. म्हणून प्रत्येक नव्या कागदाच्या कोपऱ्यात प्रथम एक लहान चौकोन व एक वर्तुळ कापून पाहावे. रेडियमवाला हे न चुकता करतो. घरी मात्र, नवे यंत्र आणले की पहिल्याच दिवशी संपूर्ण श्रीगणेशा कापावयाची घाई असते.

येथवर जे सांगितले ते जगातल्या कोणत्याही भाषेस लागू आहे. परंतु आपली अक्षरे ही इंग्रजी अक्षरांप्रमाणे सुटी सुटी उभी नसतात, आणि खरी गंमत तेथूनच सुरू होते.

आमच्या मुलुंडच्या इमारतीत एक वहिनी आहेत. त्यांनी यंत्रावर 'आनंद निवास' अशी पाटी कापली. पडद्यावर ती सुरेख दिसत होती. कागदावर पाहतात तो शिरोरेषेचे तुकडे तुकडे झालेले. प्रत्येक अक्षर आपापला टोपीचा तुकडा घेऊन निराळे उभे, आणि जेथे दोन अक्षरांच्या रेघा एकमेकींवर चढल्या होत्या तेथे मध्ये बारीक ठिकऱ्या. त्या ठिकऱ्या हातात घेऊन त्या स्थानकाजवळच्या रेडियमवाल्याकडे गेल्या. तो म्हणाला, "ताई, मशीनला मराठी येत नाही. त्याला फक्त रेघ कळते. रेघ दिसली की कापली."

यापेक्षा सोपे स्पष्टीकरण मला तरी देता आले नसते. संगणकातील देवनागरी टंकांत प्रत्येक अक्षराच्या माथ्यावर स्वतःचा शिरोरेषेचा तुकडा असतो आणि तो शेजारच्यावर किंचित चढलेला असतो. छापताना शाई एकावर एक पडून ती एकच रेघ दिसते. यंत्र मात्र शाई घालीत नाही. ते प्रत्येक अक्षराची सीमा तेवढी पाहते, आणि जेथे दोन सीमा एकमेकींस छेदतात तेथे दोन्ही कापते. काना, वेलांटी, मात्रा, रफार यांची गतही तीच. यावर उपाय एकच. कापण्यापूर्वी सर्व आकृतींचा संगम करून घ्यावयाचा, म्हणजे सगळा शब्द एका अखंड सीमेत आणावयाचा. इंकस्केप या विनामूल्य आज्ञावलीत अक्षरे आधी आकृतीत बदलून नंतर त्यांचे एकीकरण करण्याची सोय आहे, आणि यंत्रासोबत येणाऱ्या बहुतेक आज्ञावलींतही तसे एक बटण असते. ते दाबावयाचे हे कळले की अर्धी लढाई जिंकली. उलट, शब्द अखंड झाला की देवनागरीचा एक मोठा लाभ होतो. इंग्रजीतील सुटी अक्षरे लावताना वाकडीतिकडी होतात. आपला शब्द शिरोरेषेला धरून, दोरीवर वाळत घातलेल्या कपड्यांसारखा, एकत्रच उचलला जातो.

दुसरी अडचण याहून विचित्र आहे. काही आज्ञावलींना देवनागरीची जोडणीच कळत नाही. पहिली वेलांटी अक्षराच्या आधी काढावयाची हे त्यांना माहीत नसते. त्या ती मागाहून लावतात, मग ती पुढच्या अक्षराला जाऊन लटकते आणि 'निवास'चे 'नविास' होते. जोडाक्षरे फुटून त्यांखाली हलन्त चिन्हे उगवतात. हे टाळण्यासाठी आपल्याकडील प्लॉटरवाले वर्षानुवर्षे पुण्याच्या मॉड्युलर इन्फोटेकची 'श्रीलिपी' वापरीत आले. अशा जुन्या टंकांत प्रत्येक वेलांटी ही सुटे चित्र म्हणूनच असे, त्यामुळे ती हवी तेथे बसवावयास काही अडचण नव्हती. आता युनिकोडचे टंक आले आहेत. विंडोजसोबत येणारा 'मंगल' हा टंक ज्यांनी घडविला ते रघुनाथ कृष्ण जोशी पवईच्या आयआयटीत शिकवीत असत. २००८ साली ते वारले. मुंबईच्याच 'एक टाइप' या मंडळींनी 'मुक्त' व 'बालू' असे टंक सर्वांस फुकट देऊन ठेविले आहेत, आणि 'बालू'सारखी जाड, गोलाकार अक्षरे यंत्रावर विशेष चांगली उतरतात, कारण त्यांत सुळका किंवा केसासारखी रेघ कोठेच नसते. ज्या अक्षरांची बारीक रेघ दोन मिलिमीटरांहून कमी भरेल, ती छपाईस कितीही शोभली तरी कापावयास घेऊ नयेत.

जाता जाता एक गोष्ट सुचवितो. टंक निवडताना 'ल' आणि 'श' यांच्याकडे नीट पाहावे. पुष्कळ टंकांत ही दोन अक्षरे हिंदी वळणाची येतात. महाराष्ट्र शासनाच्या २०२२ च्या निर्णयात पाकळीचा 'ल' आणि देठाचा 'श' मान्य केलेला आहे, आणि कित्येक नव्या टंकांत भाषा मराठी निवडली की तो आपोआप येतो. ज्या मुंबईत जावजी दादाजींनी निर्णयसागरचे टाइप पाडून देवनागरीस वळण लाविले, आणि ज्या मुलुंडात अक्षरांचे जादूगार कमल शेडगे २०२० साली निवर्तेपर्यंत राहात होते, तेथल्या दारावर तरी 'लेले' आणि 'शिंदे' मराठी वळणाने यावेत एवढी अपेक्षा फार नव्हे.

कापून झाल्यावर निवडणे. इंग्रजीत या कामाला तण काढणे अशा अर्थाचा शब्द आहे. आपल्याकडे तांदूळ निवडणे अधिक जवळचे. अक्षरांभोवतालचा व अक्षरांच्या पोटातला नको असलेला पापुद्रा बारीक आकड्याने सोलून काढावयाचा. 'व', 'ब', 'क', 'भ' यांची पोटे मोकळी करावयाची. सोलताना पापुद्रा सरळ वर उचलू नये. तो मागे दुमडून, कागदाला जवळजवळ टेकवून, सावकाश ओढावा, म्हणजे शेजारचे अक्षर उठत नाही. येथे सर्वांत मोठा बळी पडतो तो अनुस्वार. बिचारा एकटा, कोणाला न जोडलेला. भोवतालचा कागद निघाला की तोही त्याच्याबरोबर निघून जातो. वहिनींच्या दुसऱ्या प्रयत्नात पाटी अखंड आली, परंतु 'आनंद'चा 'आनद' झाला होता. डब्यांच्या चिठ्ठ्यांवर तर हिंग, डिंक, शेंगदाणे, सुंठ असे सारे अनुस्वारवालेच कुटुंब. म्हणून कापण्याआधी टिंब थोडे मोठे करून घ्यावे, आणि सोलताना त्यावर बोटाचे नख ठेवावे. रेडियमवाला काय करतो? तो उरलेल्या कागदातून कागदाला भोके पाडण्याच्या पंचाने सुटी टिंबे पाडून डबीत भरून ठेवतो, आणि अक्षरे लावून झाल्यावर नजरेने जागा पाहून एकेक लावतो. त्याची टिंबे कधी हरवत नाहीत.

आता लावणे. निवडलेल्या अक्षरांवर मध्यम चिकटीची एक उचलपट्टी घासून बसवावयाची, पाठीचा कागद काढावयाचा, अक्षरे जागेवर टेकवून पुन्हा घासावयाचे आणि उचलपट्टी काढून घ्यावयाची. यात दोन गोष्टी ध्यानात ठेवाव्यात. एक तर अक्षरे पट्टीने न उचलता कागद खाली धरून मागे दुमडीत काढावा. आणि मोठी पाटी असेल तर तिच्या मधोमध चिकटपट्टीची एक बिजागरी करून, आधी एक बाजू व मग दुसरी लावावी. सगळा पसारा एकदम हवेत धरणाऱ्याच्या हाती सुरकुत्यांखेरीज काही लागत नाही. काचेवर लावताना पाण्यात साबणाचे दोन थेंब टाकून ती काच ओली करतात, म्हणजे अक्षर सरकवून नेमके बसविता येते आणि पाणी मागाहून पट्टीने निपटून काढता येते. दुकानाच्या काचेस आतल्या बाजूने लावावयाचे असेल तर अक्षरे उलटी कापावी लागतात, हे सांगावयास नको. तरी सांगतो, कारण आरशातले मराठी वाचण्याची पाळी आलेली दुकाने मी अंधेरीत पाहिली आहेत.

मुंबईची हवा हा या कामातला मोठा शत्रू. जून ते सप्टेंबर आपल्या भिंती ओल धरून असतात, आणि हा डिंक दाबाने चिकटणारा असला तरी ओलीवर तो चिकटत नाही. पावसाळ्यात भिंतीवर नक्षी लावण्याचा हट्ट धरू नये; स्टीलचा डबा, काच, कपाटाचा पत्रा यांवर खुशाल लावावे. पृष्ठभाग प्रथम स्पिरिटने पुसून कोरडा करावा. स्वयंपाकघरात फोडणीच्या तेलाचा एक अदृश्य थर सर्वत्र बसलेला असतो. तो न काढता लावलेली चिठ्ठी आठ दिवसांत कोपरे उचलते. नुकत्याच रंगविलेल्या भिंतीस दोन-तीन आठवडे तरी श्वास घेऊ द्यावा. आणि लावलेल्या बाटलीस तीन दिवस पाणी लावू नये, कारण डिंकाची पूर्ण पकड बसावयास तेवढा अवधी लागतो. त्यानंतरही तिला हातानेच धुवावे.

कागद विकत घेताना दुकानदार दोन भाव सांगेल. स्वस्त कागद रुळांखाली लाटून पातळ केलेला असतो. लाटलेल्या पोळीप्रमाणे तो पुन्हा आखडू पाहतो, आणि उन्हात दोन-तीन वर्षांनी अक्षराभोवती डिंकाची काळी किनार दिसू लागते. महाग कागद द्रवरूपात ओतून वाळविलेला असतो. त्यात तो ताण नसतो, आणि मोटारीच्या गोलाईवरही तो बसतो. घरातल्या डब्यांना पहिला पुरतो. दारावरच्या पाटीस, विशेषतः पश्चिमेचे ऊन येत असेल तर, दुसरा घ्यावा.

दोन धोक्यांच्या सूचना अगदी स्पष्ट शब्दांत देतो. काही हौशी लोक लेसर किरणांनी कापणारे यंत्र घेतात. त्यात व्हिनाइल कदापि घालू नये. हे द्रव्य जळले की त्यातील क्लोरिन हायड्रोक्लोरिक आम्लाच्या वाफेच्या रूपाने बाहेर पडते. ती फुप्फुसांनाही घातक आणि यंत्राच्या लोखंडालाही. याच कारणासाठी उरलेले तुकडे शेकोटीत किंवा होळीत टाकू नयेत. आणि पेल्याच्या काठावर, जेथे ओठ लागतात तेथे, किंवा ताटाच्या आतल्या बाजूस हे अक्षर लावू नये. त्यास मऊ ठेवणारी द्रव्ये अन्नात जाण्यासाठी बनविलेली नाहीत.

आता त्या पुलाखालच्या माणसाविषयी. त्याचा धंदा तीन ठिकाणी कापला गेला. मोटारीच्या काचांवर काळा पापुद्रा लावणे हे त्याचे एक मोठे काम. २०१२ साली सर्वोच्च न्यायालयाने त्यास मनाई केली. दुसरे काम वाहनांच्या क्रमांकाचे. अंधेरीचा ०२, पूर्व उपनगरांचा ०३, बोरिवलीचा ४७, हे आकडे त्याने हजारो वेळा कापले असतील. हौशी गिऱ्हाईक ४१४१ चे 'दादा' आणि २१४ चे 'राम' करून मागे. ते नियमाबाहेरचे होते आणि पोलिसांनी दंड केला तर तक्रारीस जागा नव्हती. परंतु १ एप्रिल २०१९ पासून नव्या वाहनांना कारखान्यातूनच उठावदार आकड्यांची, अशोकचक्राच्या मुद्रेची सुरक्षित पाटी येऊ लागली. जुन्या वाहनांनाही ती बसविण्याचा आदेश निघाला आणि २०२५ सालात त्याची मुदत पुन्हा पुन्हा वाढविण्यात आली. पाटीमागचा हेतू योग्यच आहे. चोरीच्या गाड्या खोट्या क्रमांकावर फिरू नयेत हे कोणास नको आहे? तथापि, टपरीतल्या माणसाचे रोजचे दहा-वीस क्रमांक त्यामुळे गेले ते गेलेच. तिसरा वार घरगुती यंत्राचा. तो लहान आहे, पण तो आमच्याच घरातून झालेला आहे.

त्याला मिळालेही काही. दुकानांच्या पाट्या मराठीत, आणि इतर लिपींहून लहान नसलेल्या अक्षरांत, असाव्यात असा कायदा महाराष्ट्राने २०२२ साली कडक केला. सप्टेंबर २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने मुंबईच्या व्यापाऱ्यांना त्यासाठी दोन महिन्यांची मुदत दिली. त्या दिवाळीच्या सुमारास उपनगरांतल्या अक्षरे कापणाऱ्यांना श्वास घ्यावयास फुरसत नव्हती. घाईघाईने लागलेल्या त्या पाट्या आजही पाहावयास मिळतात. कित्येकांची शिरोरेषा मध्येच तुटलेली आहे, आणि 'नविास' जातीची अक्षरे तर स्थानक ते घर एवढ्या वाटेवर मी बोटांवर मोजू शकतो. कायद्याने अक्षराची उंची ठरविली; ते अक्षर ओळखणारा डोळा दोन महिन्यांत कोठून यावयाचा?

माझे मत विचाराल तर घरगुती यंत्र आणि टपरी यांत वैर असण्याचे कारण नाही. आमच्या वहिनींचे उदाहरण देतो. त्यांनी आता एक सोयीची वाटणी केली आहे. बाटल्यांवरची नावे, डब्यांच्या चिठ्ठ्या, बारशाची सजावट ही बारीक कामे त्या घरी करतात आणि दिवाळीच्या आधी महिलामंडळाच्या प्रदर्शनात मांडतात. हातभर रुंदीहून मोठे काम, किंवा रात्री चमकावयाचे अक्षर आले की त्या ते रेडियमवाल्याकडे पाठवितात. चमकणारा कागद जाड असतो, त्यातल्या मण्यांनी नाजूक पात्याची धार चटकन जाते, आणि बहुतेक घरगुती यंत्रांची रुंदी बारा इंचांच्या आसपास संपते. उलट, ज्यात बारीक वळणे फार आहेत असे काम तो यांच्याकडे धाडतो, कारण त्याचा जुना प्लॉटर बारीक कोपऱ्यावर अडखळतो. दर ठरविताना वहिनी प्रथम केवळ कागदाचा खर्च धरीत. कागद सर्वांत स्वस्त, निवडण्याचा वेळ सर्वांत महाग, हे त्यास विचारल्यावर त्याने सांगितले. "अक्षरामागे पैसे घ्या ताई," तो म्हणाला, "आणि जोडाक्षर दीड धरा." मराठीत अशी दराची पद्धत मी दुसरीकडे कोठे ऐकली नाही, परंतु 'ज्योत्स्ना' हे नाव ज्यांनी एकदा निवडून पाहिले आहे ते तीस अन्याय्य म्हणणार नाहीत.

शेवटी काढण्याविषयी दोन शब्द, कारण लावणारे पुष्कळ भेटतात, काढावयास कोणी शिकवीत नाही. भाड्याच्या घरात भिंतीस लावावयाचे असेल तर मुळातच हलक्या चिकटीचा, काढता येण्याजोगा कागद मागून घ्यावा. जुनी पाटी काढताना केस वाळविण्याच्या यंत्राची ऊब तिला अर्धा मिनिट द्यावी, नख लावून कोपरा सोडवावा आणि पापुद्रा अंगालगत दुमडून, मुंगीच्या पावलाने ओढावा. ओढण्याची घाई केली तर काचेवर डिंक उरतो आणि भिंतीवरून रंग सुटतो. उरलेला डिंक खोबरेल तेलाच्या बोळ्याने भिजवून दहा मिनिटांनी पुसला की जातो. मात्र त्या जागी नवी पाटी लावावयाची असेल तर ते तेल स्पिरिटने पुसून मगच लावावी.